स्वप्न क्रमांक एकेचाळीस

७ जानेवारी

आदरणीय प्राध्यापकसाहेब,

आपण मला ओळखत नाही. मी आपल्याला पाठीवरून ओळखते, म्हणजे आपल्या पुस्तकाच्या पाठीवरून. ती उसवलेली, पुठ्ठा निखळलेला, अशा अवस्थेत गेल्या महिन्यात ग्रंथालयाकडून माझ्याकडे आली. जुनी पुस्तकं नव्यानं बांधून देणं हा माझा धंदा. आतल्या शिक्क्यांवरून दिसतं की आपलं पुस्तक तिसऱ्यांदा बांधणीला आलं आहे. तेव्हा लोक ते नुसतं कपाटात ठेवत नाहीत, एवढी खातरी बाळगा.

बांधायला आलेली पुस्तकं मी वाचत नाही. वाचायला लागले तर धंदा बसेल. पण फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करून पुन्हा क्रम लावताना डोळे पानांवर पडतातच. परवा ते पडले पान एकशे बारावर. खाडीपलीकडच्या बोलीत सांगितलेली शंभर स्वप्नं आपण पुस्तकाच्या शेवटी दिली आहेत, त्यातलं स्वप्न क्रमांक एकेचाळीस. सांगणारी : जाळेवाली, वय चोवीस. इथं उतरवते, म्हणजे आपल्याला कपाटापर्यंत उठायला नको.

"एका बाईनं बोचकं बांधलं. लेकरू निजलं होतं. घराची किल्ली लाल मगात ठेवली, कान तुटलेल्या, नि मग तिसऱ्या पायरीखाली सारला. ती होडीत बसली. मागं बघायचं नाही असं ठरवून बसली. अर्ध्या पाण्यात बघितलं. दोरीवर लेकराचं झबलं वाळत होतं, त्याचे हात वर झाले होते."

त्याखाली रेघ आहे आणि बेचाळिसावं सुरू होतं.

साहेब, तो लाल मग ह्या क्षणी माझ्या टेबलावर आहे. त्यात मी खळीचे ब्रश ठेवते. त्याचा कान मी जन्मायच्या आधीच तुटला होता. ती जाळेवाली माझी आई. ती आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि खिडकीपाशी बसून मला कागद दुमडून देते.

मी तीन वर्षांची असताना आई काही दिवस घरात नव्हती. वडील तेव्हा लांबच्या जहाजावर होते. दवाखान्यात आहे, असं आत्यानं सांगितलं. पुढे एकदा भांडणात तिच्या तोंडून निसटलं की ते अकरा दिवस होते. दवाखान्याचं नाव मात्र तिला आठवेना. आईनं तो विषय कधीच काढला नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. हे स्वप्न तिथंच संपतं का? की पुढे काही होतं?

पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलं आहे.

आपली नम्र,
बांधणीवाली


१९ जानेवारी

श्रीमती बांधणीवाल्या बाईंना,

आपलं पत्र पोचलं. माझ्या पुस्तकाच्या प्रकृतीची आपण विचारपूस केलीत, त्याबद्दल आभार.

बोली सांगणाऱ्या व्यक्तींची ओळख गुप्त ठेवणं हा आमच्या कामाचा नियम आहे, त्यामुळे जाळेवाली कोण हे मी सांगू शकत नाही. आपला कौटुंबिक प्रश्न मी समजू शकतो. पण स्वप्न हे स्वप्न असतं. घरातल्या खऱ्या वस्तू त्यात येतातच. माझ्या स्वप्नात रोज माझा चष्मा येतो, म्हणून ती स्वप्नं घडलेली ठरत नाहीत.

आपण पुस्तक उसवलंच आहे, तर पहिलं प्रकरण जरूर बघावं. त्या किनाऱ्यावरच्या बायका स्वप्न सांगताना आवाज खाली घेतात, स्वतःला 'एक बाई' म्हणतात, आणि एरवी कधी न वापरलेल्या लयीत बोलतात. ह्याला मी 'स्वप्नरीत' म्हटलं. माणूस झोपेतला अनुभव जागेपणीच्या भाषेपासून वेगळा ठेवतो, हे त्या बोलीनं पहिल्यांदा दाखवून दिलं. पुस्तकाची बारा भाषांत भाषांतरं झाली. माझे विद्यार्थी आज जिथं जिथं शिकवतात तिथं पहिल्या वर्षाला ही शंभर स्वप्नं शिकवली जातात. तेव्हा हा विषय मी काही हलक्या हातानं हाताळलेला नाही.

जिथं रेघ मारली आहे तिथं स्वप्न संपलं असं समजावं.

चाळिसाव्या वर्षानिमित्त पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे आणि फेब्रुवारीअखेर ती छपाईला जायची आहे, त्यामुळे अधिक पत्रव्यवहार जमेलसं वाटत नाही. मला आता जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा कृपया फोनही करू नये.

आपला,
(प्राध्यापक, निवृत्त)


२५ जानेवारी

आदरणीय साहेब,

आपण 'संपलं असं समजावं' लिहिलंत. 'संपलं' लिहिलं नाहीत. मी शिवणारी बाई आहे. टाका कुठे सुटलाय ते मला बघावं लागत नाही, बोटांना कळतं.

पहिलं प्रकरण वाचलं. फार सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. वाचताना जाळी विणायच्या त्या माडीवर जाऊन बसल्यासारखं झालं. मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथंच होतो. वीस बायका, पायापासून छतापर्यंत ओलसर जाळी, आणि जाळ्यांच्या डोळ्यांतून भिंतीवर पडलेलं पाण्याचं हलतं ऊन. त्या उन्हात बायकांचे चेहरेसुद्धा पाण्याखाली असल्यासारखे दिसायचे.

म्हणून मी काल आईला आडून आडून विचारलं. माडीवर तुम्ही एकमेकींना स्वप्नं सांगायचात का ग? आई हसली. इतकी हसली की दुमडलेला कागद पुन्हा उलगडला.

"स्वप्नं कुठली पडायला?" ती म्हणाली. "ओंडक्यासारख्या पडायचो. घरात जे बोलायची सोय नव्हती ते माडीवर बोलायचो. एका बाईला असं स्वप्न पडलं, म्हणायचं, नि मोकळं व्हायचं. ऐकणारीनं शेवटी एवढंच म्हणायचं, मग जाग आली. झालं. पुन्हा त्यातलं अवाक्षर कुणी विचारायचं नाही, सांगणारीला तर नाहीच. तो पेटीवाला बिचारा सगळं मन लावून लिहून घ्यायचा. आम्हाला वाटायचं, ह्याला कळतंय."

मग ती पुन्हा कागद दुमडायला लागली. मीही सुई उचलली, कारण आता मला पुढचं विचारता येत नव्हतं. तिनं ते स्वप्न म्हणून सांगितलंय. जे स्वप्न म्हणून सांगितलं ते विचारायचं नाही, हे तिनं सांगायच्या आधीच मला माहीत होतं, कुणी शिकवल्याचं आठवत नसूनही. म्हणजे तिला मी मरेपर्यंत विचारू शकत नाही. आपल्याला विचारू शकते.

माझा प्रश्न सरळच लिहिते. ती मला टाकून गेली होती, हे मला आत कुठंतरी कायम माहीत होतं. त्याचा राग नाही. पण ती परत आली ती माझ्यासाठी, की दुसरीकडे जमलं नाही म्हणून? चव्वेचाळीस वर्षं मी हा एक प्रश्न घेऊन तिच्या शेजारी जेवते आहे. लग्न झालं, मोडलं, आई माझ्याकडे राहायला आली, प्रश्न तिथंच. आता तिचं हृदय थकलंय. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

आपल्या स्वप्नरीतीचं ह्यात काय होईल ते मला कळत नाही. वाईट होईल असं वाटतं. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते, पण विचारायचं सोडत नाही.

बांधणीवाली


८ फेब्रुवारी

प्रिय गुंडी,

हे नाव वाचून दचकू नकोस. माडीवर सगळ्या बायका तुला गुंडी म्हणायच्या, शर्टावरून तुटून पडलेल्या गुंडीसारखी तू कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली सापडायचीस म्हणून. माझ्या टेबलाखाली बसून तू एकदा यंत्राची वायर उपटलीस आणि माझी अर्ध्या दिवसाची मेहनत पाण्यात गेली. मला तू पेटीकाका म्हणायचीस. 'श्रीमती बाईंना' असं लिहिताना मला हे सगळं आठवत होतं. तरी मी तसं लिहिलं.

तुझं पत्र आल्यापासून मी काम केलेलं नाही. खुर्चीत बसून राहतो. ऐकू येणं गेल्यावर दिवस फार सैल होतात, त्यांना कडा राहत नाहीत. दार वाजत नाही, दूध उतू गेलेलं कळत नाही. त्या सैल दिवसांत आवाज मात्र येतात, पण आतून. तुमच्या माडीवरच्या वीसही बायकांचे आवाज मला आजही वेगवेगळे ओळखू येतात. तुझ्या आईचा सगळ्यांत खालचा, थोडा खरबरीत. ती बोलायला लागली की माझी लेखणी आपोआप हळू व्हायची.

तू प्रश्न सरळ विचारलास, मीही सरळ सांगायचा प्रयत्न करतो. सवय नाही.

माझे वडील तोतरे होते. एक वाक्य पुरं व्हायला कधी कधी मिनिट जायचं, आणि जेवताना आम्ही भावंडं त्यांच्या ओठांकडे बघत बसायचो. पुढचा आवाज कुठला येणार हे मी त्यांच्या आधी ओळखायचो. माझी सगळी विद्या त्या ताटावरच्या बसण्यातून आली. पुढे मी सव्विसाव्या वर्षी ध्वनिमुद्रणाची एक जड पेटी घेऊन तुमच्या किनाऱ्यावर उतरलो, माडीच्या वरची खोली भाड्यानं घेतली, आणि दोन वर्षांत बुटांच्या एकवीस खोक्यांत मावतील इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. त्या खोक्यांवर मला नोकरी मिळाली, नंतर विभाग मिळाला, नंतर माणसं माझं भाषण ऐकायला समुद्र ओलांडून यायला लागली. बायको म्हणायची, तुम्ही माझं ऐकता ते फक्त उच्चारासाठी. मला वाटायचं, थट्टा करते आहे. ती गेली तेव्हा ती शेवटचं काय बोलली ते मला अजून जसंच्या तसं म्हणून दाखवता येईल, श्वासासकट. तिला त्यातून काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही.

आता तुझ्या स्वप्नाबद्दल.

तुझं पत्र वाचून मी त्या वर्षीची वही काढली. त्यात माझ्या अक्षरात लिहिलं आहे, "जाळेवाली गैरहजर, कामाचा खोळंबा." दुसऱ्या दिवशी तेच. अशा अकरा ओळी आहेत. शेवटच्या ओळींत तर मी चिडून नुसतं "गैरहजर" लिहिलं आहे. बाराव्या दिवशी, "जाळेवाली आली. स्वप्न एकेचाळीस. उत्कृष्ट नमुना." दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत, गुंडी. बोटभर अंतरावर. एका स्वरातला केसाएवढा फरक मला ऐकू यायचा, आणि हे बोटभर अंतर चव्वेचाळीस वर्षांत मला ओलांडता आलं नाही.

नाही, हेही पुरतं खरं नाही. ते मी ओलांडलं नाही. तुमच्या माडीच्या मुकादमबाईनं मला पहिल्याच आठवड्यात नियम सांगितला होता, की इथं स्वप्न म्हणून सांगतात ते इथंच राहतं आणि ऐकणाऱ्यानं फक्त 'मग जाग आली' म्हणायचं. मी तो नियम छापला. सातवी तळटीप, 'स्वप्नकथनाचे समाप्तिवाक्य' म्हणून. समोरचं माणूस मला काही तरी विश्वासानं देतं आहे आणि माझ्याकडून वचन मागतं आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. आणि कधी काळी शिरू बघत असेल, तर मी त्याला बाहेरच उभं केलं. आत घेतलं असतं तर पुस्तक कुठं राहिलं असतं?

रेघेखाली पुढे काही होतं का, हे तू विचारलंस. हो. होतं. त्याच वहीत खाली लिहिलं आहे, "झबल्यानंतर आवाज फुटला. नमुन्यास निरुपयोगी. रीळ चार मिनिटं बाकी." तुझी आई रडायला लागली होती. रडणाऱ्या माणसाचे स्वर मोजता येत नाहीत, म्हणून मी लेखणी खाली ठेवली आणि तिच्यासाठी पाणी आणायला जिना उतरलो. पेटी बंद करायची राहिली. परत आलो तेव्हा रीळ संपून फडफडत होतं. ती चार मिनिटं मी कधीच ऐकली नाहीत. नमुन्यास निरुपयोगी होती ना. आज ऐकायची म्हटली तरी माझे कान राहिले नाहीत.

रीळ माझ्या कपाटात आहे, पत्र्याच्या डब्यात. त्याची दुसरी प्रत नाही. ते मी तुला पाठवावं हे मला कळतं. पण ते पाठवलं की ती शंभर स्वप्नं मी नव्या आवृत्तीत ठेवू शकत नाही, आणि ती काढली की मी कोण उरतो हे मला ह्या वयात नव्यानं शोधावं लागेल. मला थोडे दिवस दे. हे मागायचाही मला अधिकार नाही, पण मागतो.

पेटीकाका


१२ फेब्रुवारी

पेटीकाका,

मोठं पत्र लिहायला बसले होते, फाडलं. रागावलेलं होतं. तुम्ही पाणी आणायला गेलात, हे वाचून राग निम्मा झाला. माडीवरच्या वीस बायकांच्या नवऱ्यांपैकी कुणी गेला नसता.

पुस्तकाचं सांगते. सगळे फर्मे शिवून झालेत, शेवटचा सोडून. पान एकशे बारा त्यात आहे. सुई त्याच्या घडीत अडकवून ठेवली आहे, पुढे हात चालत नाही. ग्रंथालयाचा माणूस दोनदा येऊन गेला. खळ वाळली नाही, असं त्याला सांगितलं. थंडीत खळ वाळायला पंधरा दिवस लागतात, ह्यावर तो विश्वास ठेवून गेला. बिचारा नवीन आहे.

थोडे दिवस दिले. फार नाहीत माझ्याकडे.

गुंडी


२३ फेब्रुवारी

प्रिय गुंडी,

सोबत रीळ आणि पेटी. पेटीचा पट्टा सैल झाला असेल, एखाद्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला दाखव. डबा उघडताना जपून, झाकणाला धार आहे.

प्रकाशकाला परवा पत्र गेलं. शंभर स्वप्नं नव्या आवृत्तीतून काढली, पहिलं प्रकरणही काढलं. तो स्वतः घरी आला. मला ऐकू येत नाही म्हणून त्यानं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मग उरतं काय?' मी खाली लिहिलं, 'आवाज.' ते खरे आहेत, गुंडी. तुमच्या बोलीतला एकेक आवाज मी नीट ऐकला होता, त्यात माझी चूक सापडायची नाही. फक्त तेवढंच ऐकलं. तो डोक्याला हात लावून गेला. माझ्या सगळ्यांत आवडत्या विद्यार्थ्यानं प्रकाशकाला सात पानी पत्र पाठवलं आहे की सर थकलेत, त्यांचं मनावर घेऊ नका. ते चुकून माझ्याच पत्त्यावर आलं.

एक काम आहे, पैसे घेऊन कर. सोबत एक सुटा कागद आहे. बारीक अक्षरात मी हातानंच लिहिला आहे. तो पान एकशे बाराच्या समोर शिवून टाक. ग्रंथालयाला मी कळवलं आहे, त्यांची हरकत नाही. कागदावर हे आहे :

"समोरचं स्वप्न अपुरं छापलं आहे. ते स्वप्न नव्हतं. ह्यातली बरीच स्वप्नं स्वप्नं नव्हती. त्या बायकांनी एकमेकींना सांगितलेल्या खऱ्या गोष्टी होत्या, आणि त्या बाहेर न्यायच्या नाहीत हे मला सांगितलेलं असूनही मी त्या छापल्या. उरलेला भाग ज्यांचा आहे त्यांना परत दिला आहे. वाचणाऱ्यानं पुढचं विचारू नये."

रिळावर काय निघेल मला माहीत नाही. तुला हवं ते निघालं नाही तर? ह्या प्रश्नानं मला दोन दिवस अडवून धरलं होतं. मग वाटलं, हेही मीच ठरवायला लागलो तर पुन्हा रेघ मारल्यासारखंच होईल.

रिळावर काय आहे ते मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

पेटीकाका


१४ मार्च

पेटीकाका,

उशीर झाला. डबा आठ दिवस उघडलाच नाही. ब्रशांच्या मगाशेजारी ठेवला होता आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. आई म्हणाली, काय आलंय? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं आहे.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं पट्टा बदलला, कानाला लावायचं दिलं आणि चहाला निघून गेला. भला माणूस, तासभर आला नाही.

तुम्ही सांगायला नको म्हणालात. पण तुम्ही ती चार मिनिटं चव्वेचाळीस वर्षं सांभाळलीत, न ऐकता का होईना. आईनं ती माडीवर सांगितली आणि तुम्ही त्या माडीवरचेच. तेव्हा ऐका, आणि ऐकून काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे.

आधी तुमचा आवाज. किती कोवळा होता. तारीख, क्रमांक, 'सांगा बाई.' मग आई, बोचकं, लाल मग, होडी, झबलं. मग ती रडते. तुम्ही विचारता, पाणी आणू का, आणि पायऱ्या वाजतात. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. नुसती जाळी ओढल्याची सळसळ. मला वाटलं, एवढंच.

मग ती बोलते. एका बाईला पलीकडच्या गावात जाळ्यांच्या गोदामात काम मिळालं. कुणी मारलं नव्हतं तिला, कुणी हाकललं नव्हतं. आपले पाय आपल्याला नेतात का, एवढं तिला बघायचं होतं. नेत होते. जेवण चांगलं होतं, झोप लागत होती. घरी असताना ती जाळ्याचा डोळा मापायला लेकराची मूठ घ्यायची. मूठ आरपार गेली की डोळा बरोबर. गोदामात लाकडी माप दिलं होतं. तिनं मापानं विणलं तरी डोळे लहान यायचे. मुकादमानं पहिल्यांदा उसवायला लावलं, दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा म्हणाला, बाई, हे कुणाच्या मापानं विणतेस? त्या बाईनं जाळं उचलून बघितलं. सगळं जाळं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका मुठीच्या मापाचं झालं होतं. ती उठली. हिशेब न घेता उठली आणि होडीवर आली.

मग मुकादमबाईचा आवाज येतो, लांबून. "मग जाग आली." आणि नंतर, काका, आई नाक ओढते आणि म्हणते, "मूठ दे ग." आणि टेबलाखालून कुणीतरी म्हणतं, "ही घे." ते मी आहे. मग रीळ फडफडतं.

मी त्या दुकानात किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. समोर उघडे रेडिओ होते, सगळ्यांच्या आतल्या तारा दिसत होत्या, आणि कुठला तरी एक हळूच गात होता. मला मिळालं, काका. जे हवं होतं तेच मिळालं.

तुमचा कागद शिवला. पैसे घेणार नाही, भांडू नका. पुस्तक शिकंज्यात दाबून ठेवलंय, परवा ग्रंथालयात जाईल. पण शिवायच्या आधी एक झालं ते सांगते आणि थांबते.

परवा दुपारी आई खिडकीपाशी कागद दुमडत होती. पडद्यातून ऊन येत होतं, जाळीतून यायचं तसं, आणि तिच्या हातांवर हलत होतं. मी समोर सुई-दोरा घेऊन बसले होते. माझा आवाज आपोआप खाली गेला. मी म्हटलं, एका मुलीला एक स्वप्न पडलं. तिची आई बोचकं बांधत होती आणि ती मुलगी निजलेली नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते. तिनं पायरीखाली मग सरकल्याचा आवाज ऐकला, आणि पायांचा, आणि मग काहीच नाही. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मोठी झाल्यावरसुद्धा ती आईच्या आधी कधी झोपली नाही.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या शंभरांत नाही हे.

आईनं हातातला कागद दुमडून पुरा केला. घडीवरून नख फिरवलं. आता ती म्हणेल, मग जाग आली, आणि ते तिथंच राहील, असं मला वाटलं. पण ती म्हणाली नाही. तिनं विचारलं. माडीवरच्या वीस बायकांपैकी कुणी आयुष्यात विचारलं नव्हतं, ते आईनं विचारलं.

"हाक का नाही मारलीस?"

मी म्हटलं, "मला वाटलं, मी झोपलेली आहे तोवर तू गेलेली नाहीस."

आईनं माझ्या हातातली सुई काढून बाजूला ठेवली, माझी बोटं एकेक करून मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत धरली, माप घेतल्यासारखी. बराच वेळ धरून होती.

मग म्हणाली, "मग जाग आली."

तुमची,
गुंडी